वस्तरा: दोन दाढ्यांच्या मधल्या वेळात पातं गंजू नये म्हणून

पाठ_टेकवून (धागाकर्ता)

वस्तऱ्याच्या चर्चेत धारेचा दगड आणि पट्टा (धार परजायची चामडी-कापडी पट्टी) यांवर पानंच्या पानं भरतात, गंजाचा विषय मात्र "तेल लावा" एवढ्यावर उरकतो. म्हणून हा वेगळा धागा. कार्बन पोलादाचं पातं गृहीत धरलंय (कार्बन साधारण १ टक्का, क्रोमियम नसल्यात जमा). स्टेनलेसवाल्यांनीही वाचावं, त्यांचा नंबर खाली लागेलच.

पात्याच्या पाठीवर (धारेविरुद्धची जाड कड) किंवा पोटावर (मधला पातळ भाग) डाग पडला तर तो दिसतो, पुसता येतो, दाढीला काही फरक पडत नाही. धारेचं टोक मात्र नीट घासलेल्या वस्तऱ्यात अर्ध्या मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) आसपास असतं. तेवढं पोलाद खायला गंजाला फार वेळ लागत नाही आणि तो डोळ्यांना दिसतही नाही. कळतं ते एवढंच, की परवा सरसर चालणारा वस्तरा आज केस ओढतोय. मग पट्ट्याला दोष दिला जातो, विनाकारण दगड बाहेर निघतो.

माझा क्रम असा:

१. दाढी चालू असताना पाणी पात्यापुरतंच. शँकच्या (पात्यामागचा बोटांनी धरायचा दांडा) मागे, पातं आणि मूठ जोडणाऱ्या खिळ्याकडे पाणी जाऊ द्यायचं नाही. फेस पुसायला दर खेपेला नळाखाली धरण्यापेक्षा ओल्या स्पंजवर किंवा कापडावर पाठीकडून धारेकडे पुसलेला बरा.

२. झाल्यावर कोमट वाहत्या पाण्याखाली पातं धुवायचं, टोक खाली. मूठ वर राहिली की पाणी खिळ्याकडे चढत नाही.

३. टिश्यूची दुहेरी घडी पाठीवर बसवायची, चिमटीत धरायची आणि धारेच्या दिशेने खाली ओढून सोडायची. धारेच्या लांबीने कधीच नाही: टिश्यू कापला जाईल, बोटही. कोरडी घडी घेऊन पुन्हा एकदा.

४. मुठीच्या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत टिश्यूची पट्टी घालून आरपार ओढायची. खिळ्याजवळच्या कोपऱ्यात टूथपिकला गुंडाळलेला टिश्यू.

५. कापडी पट्ट्यावर १० ते १५ फेरे. धार लावायला नाही, टिश्यू पोचत नाही तिथलं पाणी टिपायला.

६. वस्तरा अर्धा उघडा ठेवून निदान तासभर हवेवर. न्हाणीघरात नाही, बाहेर.

७. दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरायचा असेल तर तेल नाही. चार दिवसांहून जास्त पडून राहणार असेल तर एक थेंब.

पाचव्या आणि सातव्या मुद्द्यावर मतभेद असणार हे माहीत आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

दगडफोड्या

पाचव्याला कडकडून विरोध. धार दाढीत थकलेली असते, तिला दिवसभर विश्रांती द्यावी, मग पट्टा. दाढीनंतर लगेच पट्ट्यावर घेतलं तर वाकलेली धार तुटते, असं जुने जाणते सांगतात.

---

रसायनखोर

विश्रांतीने पोलाद सरळ होत नाही. ज्या तापमानाला आपण वस्तरा ठेवतो त्या तापमानाला वाकलेली धार आपणहून पूर्वपदावर येण्याचं काही कारण नाही. उलट त्या "विश्रांती"च्या २४ तासांत धारेवर पाण्याचा थर असेल तर गंजाला मोकळं रान.

तुमच्या शंकेत एक गोष्ट मात्र बरोबर आहे. ओलं पातं चामड्यावर घेऊ नये. चामडं पाणी पितं, फुगतं, त्या जागी टणक होतं आणि पुढच्या वेळी तिथेच धार उडते. दाढीनंतर फक्त कापडी बाजू: लिनन, कॅनव्हास, साधं सुती घट्ट विणीचं कापड, काहीही. दाब शून्य. चामडं पुढच्या दाढीच्या आधी, ४० ते ६० फेरे.

---

दगडफोड्या

कापडी बाजूपुरतं मान्य. लिननवर दाब दिला की धार गोल होते, हे जाड अक्षरात लिहा.

---

गुळगुळीत

वाचनखूण साठवली. तीन प्रश्न:

अ) तेल कुठलं? खोबरेल चालेल का?
आ) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं तर टिश्यू-पट्ट्याचा उपद्व्याप टळेल का?
इ) वस्तऱ्यासोबत आलेल्या चामडी म्यानात ठेवला तर?

---

रसायनखोर

इ) ने सुरुवात, कारण तीच सगळ्यात महागात पडणारी सवय. म्यानात वस्तरा ठेवायचा नाही. चामडं हवेतला दमटपणा धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेले क्षार व आम्लं त्यात उरलेली असतात. पातं त्याला चिकटून पडलं की जिथे चिकटलं तिथे डाग. मखमली अस्तराच्या डब्या आणि स्पंज कापून केलेल्या पेट्या यांनाही तोच नियम. म्यान प्रवासापुरतं, तेही पातं तेल लावून. मुक्कामी पोचल्यावर बाहेर.

आ) ९० टक्क्यांच्या वरचं घेतलंत तर उत्तम उपाय आहे. पाण्यात मिसळतं, त्याला सोबत घेऊन उडून जातं आणि खिळ्याच्या फटीत टिश्यू पोचत नाही तिथे पोचतं. जखमेवर लावायचं ७० टक्क्यांचं घेऊ नका, त्यात ३० टक्के पाणीच आहे: अल्कोहोल आधी उडतं, पाणी मागे राहतं. आणि आधी टिपून मग अल्कोहोल. निथळत्या पात्यावर ओतलं तर तुम्हीच ते पातळ करता. मुठीला लाखेचं पॉलिश असेल किंवा मूठ सेल्युलॉइडची (जुन्या काळचं प्लास्टिक) असेल तर मुठीवर थेंबही पडू देऊ नका, चमक जाते.

अ) खोबरेल नको. २४ अंशांच्या खाली थिजतं, फटीत पांढरा चिकट थर बसतो आणि जुनं झालं की त्यातली मेदाम्लं पोलादाला त्रास देतात. जवस, सूर्यफूल, सोयाबीन यांचा तर विचारही नको. ही तेलं हवेत सुकून वार्निशसारखी होतात आणि तो थर अल्कोहोलनेही धड निघत नाही. घ्यायचं ते:

लिक्विड पॅराफिन (औषधी दर्जाचं). वास नाही, खवट होत नाही, त्वचेला लागलं तरी हरकत नाही. पहिली पसंती हीच.
कॅमेलिया तेल. वनस्पतीचं असूनही सुकत नाही. जपानी सुतार आपल्या रंध्यांना आणि पटाशांना पिढ्यान्‌पिढ्या हेच लावत आले आहेत.
शिलाई मशीनचं तेल. काम चोख करतं. दाढीआधी मात्र पुसून काढा.

डब्ल्यूडी-४० बद्दल कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच. ते पाणी हटवायला बनवलेलं आहे, नावातलं "डब्ल्यूडी"ही तेच सांगतं. त्यातला मोठा भाग उडून जाणारं द्रावक आहे, मागे उरतो तो थर अगदी पातळ. खिळ्यात पाणी शिरलं असेल तर ते बाहेर काढायला वापरा, महिनाभराच्या राखणीला नको.

---

काठावरचा

+१. तेलाच्या मापाबद्दल थोडं. पात्याच्या दोन्ही बाजू मिळून क्षेत्रफळ साधारण २५ ते ३० चौरस सेंटिमीटर. एका थेंबात अंदाजे ०.०५ मिलीलीटर. म्हणजे एक थेंब सारखा पसरला तर १५-२० मायक्रॉनचा थर होतो आणि तोही जास्तच आहे. म्हणून थेंब पात्यावर नाही, कापडाच्या तुकड्यावर. तो पाठीकडून धारेकडे फिरवायचा आणि कोऱ्या तुकड्याने बराचसा पुसून काढायचा. उजेडात तिरकं धरल्यावर इंद्रधनुषी झाक दिसली तर थर पुरेसा आहे. ओघळ दिसला तर तो रात्रीतून खिळ्यापाशी जाऊन बसेल, धूळ गोळा करेल, आणि पुढच्या वेळी तिथलं पाणी त्या चिखलात अडकेल.

कापूस लावलेली काडी वापरत असाल तर धारेवर तंतू अडकतात. ते अडकणं ही फुकटची तपासणीही आहे: नेहमी एकाच जागी अडकत असेल तर तिथे धारेला खाच आहे.

---

मोडकी_मूठ

खिळ्याचा भाग कुणी सविस्तर लिहीत नाही. जुने वस्तरे हातात येतात त्यांत सगळ्यात वाईट गंज बहुतेकदा धारेवर नसतोच, मुठीच्या आत टँगच्या (पात्यामागचा, खिळ्यापर्यंतचा धार नसलेला भाग) दोन्ही गालांवर असतो. पाणी केशाकर्षणाने वॉशर आणि टँग यांच्या मधे शिरतं. फट इतकी बारीक की हवा खेळत नाही आणि पाणी दिवसेंदिवस तिथेच राहतं. बाहेरून सगळं लखलखीत.

ओळखायची खूण: वस्तरा उघडताना कुरकुर लागते, किंवा खिळ्याभोवती तपकिरी ओलसर कड दिसते. मग अल्कोहोलचे २-३ थेंब खिळ्यावर, वस्तरा ८-१० वेळा उघडझाप, बाहेर येणारं तपकिरी पाणी टिपायचं. स्वच्छ येईपर्यंत हेच. पूर्ण वाळल्यावर सुईच्या टोकाने पाव थेंब तेल प्रत्येक बाजूला. वापरात असलेल्या वस्तऱ्याला हे महिन्यातून एकदा पुरतं.

आणि तुरटी! तुरटीचा खडा दाढीनंतर गालावर फिरवता, त्याच ओल्या बोटांनी वस्तरा उचलता. कित्येक जण तर गाल ताणायला पकड यावी म्हणून दाढी चालू असतानाच बोटांना तुरटी लावतात. तुरटीचं पाणी आम्लधर्मी, त्यात सल्फेट. टँगच्या खालच्या बाजूला, बरोबर जिथे तर्जनी आणि मधलं बोट टेकतं तिथे, दोन लंबगोल डाग दिसले तर दुसरं कारण शोधू नका. तुरटीआधी वस्तरा धुऊन पुसून बाजूला गेलेला असला पाहिजे.

---

गुळगुळीत

हे दोन डाग आमच्याकडे हजर आहेत. दंडवत घ्या.

न्हाणीघरातल्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवला तर? बाहेर ठेवायला जागा नाही.

---

रसायनखोर

आकडेमोड करू. ३० अंशांना हवा पूर्ण ओलसर असली तरी एक लीटर हवेत बाष्प सुमारे ०.०३ ग्रॅम. वस्तऱ्यावर विसरलेला पाण्याचा एक थेंब ०.०५ ग्रॅम. म्हणजे डब्यातल्या अख्ख्या हवेपेक्षा तुमच्या खिळ्यातला एक थेंब जास्त ओला. डबा, जेल हे सगळं नंतर. वस्तरा डब्यात जाताना कोरडा आहे की नाही हा खरा प्रश्न.

कोरडा असेल तर जेल कामाचं आहे, पण डबा हवाबंद हवा. सिलिका जेल आपल्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी धरतं. उघड्या कपाटात टाकलेली पुडी न्हाणीघराची हवा वाळवत बसते आणि लवकरच भरते. एक लीटरच्या घट्ट झाकणाच्या डब्याला ५ ग्रॅम भरपूर. रंग बदलणारं जेल घ्या: नारिंगी असेल तर भरल्यावर हिरवट होतं. निळं-गुलाबी टाळा, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. भरलं की ताटलीत पसरून ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दीड-दोन तास. त्याहून जास्त तापवलं तर नारिंगी रंग कायमचा जातो.

न्हाणीघर वाईट का, तर केवळ दमट म्हणून नाही. पातं खोलीच्या २२ अंशांना आहे आणि ते तुम्ही ३० अंश, ७० टक्के आर्द्रतेच्या हवेत आणलं, तर त्या हवेचा दवबिंदू २४ अंशांच्या जवळ असतो. पात्यावर दव धरतं, अगदी आरशावर धरतं तसं. गरम पाण्याने अंघोळ झाली की हेच रोज. म्हणून दाढी आधी, अंघोळ नंतर असेल तर वस्तरा आधी बाहेर गेला पाहिजे.

---

काठावरचा

त्यात घामाचं मीठ धरा. स्वच्छ पोलादावर आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजाचा वेग झपाट्याने वाढतो. पण पृष्ठभागावर क्षार असतील तर तो आकडा खाली येतो. साध्या मिठाला ७५ टक्क्यांना पाणी सुटतं, मॅग्नेशियम क्लोराइडला तर ३३ टक्क्यांनाच. घामात आणि समुद्राकाठच्या हवेत हे सगळं थोडं थोडं असतं. पातं कोरडं दिसतं, पण बोटाच्या ठशाखाली सूक्ष्म ओल कायम. म्हणून आधी धुणं, मग वाळवणं. न धुता नुसतं कोरडं पुसलेलं पातं मीठ घेऊन झोपतं.

जड पाण्याने धुणाऱ्यांना पांढरे ठिपके दिसतील. तो गंज नाही, चुना आहे. पण ठिपक्याच्या कडेने गंज सुरू होतो. शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याच्या चमचाभर धारेने करा, ठिपके पडतच नाहीत. व्हिनेगरने काढायला जाऊ नका, चुन्याबरोबर पोलादही खातं.

---

स्टेनलेस_सुखी

आम्हाला यातलं काहीच करावं लागत नाही, धुवायचं आणि ठेवायचं. ;)

---

दगडफोड्या

भिंगाखाली पाहिलंय का कधी? स्टेनलेस वस्तऱ्याचं पोलाद कडक करता यावं म्हणून त्यात कार्बनही भरपूर घातलेला असतो, आणि क्रोमियमचा काही भाग त्या कार्बनशी बांधला जातो. गंज रोखायला उरतं ते क्रोमियम त्यामानाने कमी. क्लोराइडने त्याच्यावर पसरट गंज येत नाही, टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडतो आणि तो आत जातो. धारेवर पडला तर काढायला कार्बन पातं घासण्याहून जास्त वेळ जातो. तेल नका लावू, पण धुणं-पुसणं तुम्हालाही चुकत नाही.

---

मोडकी_मूठ

एक वेगळाच धोका नोंदवतो, कारण त्यात तेल, जेल, पट्टा काहीच कामी येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुष्कळ वस्तऱ्यांच्या मुठी सेल्युलॉइडच्या होत्या. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. ते सडायला लागलं की नायट्रोजनची ऑक्साइडं सोडतं, ती हवेतल्या ओलीशी मिळून नायट्रिक आम्ल होतं. पातं आतून, मुठीत झाकला जातो त्याच भागात गंजतं आणि तो गंज पुसला तरी परत येतो.

खुणा: वस्तरा मिटल्यावर मुठीची कड जिथे येते बरोबर त्या रेषेत गंज, पितळी वॉशरवर हिरवा थर, पारदर्शक मूठ धुरकट, बारीक चिरा, नाकाशी धरल्यावर कापरासोबत तिखट आंबूस वास. यातलं एकही दिसलं तर तो वस्तरा आधी बाकीच्यांपासून लांब न्या. एका बंद खणात असला एक वस्तरा शेजारच्या चांगल्या पात्यांनाही गंजवतो. उपाय एकच: खिळा कानशीने घासून मूठ काढून टाका. पातं खायच्या सोड्याच्या पाण्यात (एक कप पाण्याला एक चमचा) १५ मिनिटं, मग धुऊन, वाळवून, तेल. मूठ घरात ठेवू नका, सेल्युलॉइड भडकून पेटतं.

---

गुळगुळीत

आधीच डाग पडलेत त्यांचं काय करायचं?

---

दगडफोड्या

आधी डाग कुठला ते बघा. तेलाच्या कापडाने जोरात घासा. कापड तपकिरी झालं तर जिवंत गंज. डाग काळा-करडा आणि कापड स्वच्छ, तर तो बसलेला काळा ऑक्साइड आहे. तो पुढचा गंज थोडा अडवतोच, त्याला हात लावू नका.

तपकिरी असेल तर: तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी ०००० नंबरची स्टील वूल तेलातच, पाठीपासून धारेच्या २ मिलीमीटर अलीकडेपर्यंत. उरलं तर मेटल पॉलिशची क्रीम आणि मऊ कापड. पात्यावर सोनेरी नक्षी असेल तर पॉलिश तिच्या वाऱ्यालाही उभं करू नका, तो मुलामा एका घासात जातो. फिरतं यंत्र, बफिंग चाक अजिबात नाही. धारेजवळ पोलाद इतकं पातळ आहे की दोन सेकंदांत तापून पिवळसर होतं आणि तेवढ्या भागाचं पाणी (कडकपणा) उतरतं. गंज काढायच्या आम्लाच्या बाटल्याही नकोत, धार आधी विरघळते.

धारेवरच गंज असेल तर स्टील वूल वगैरे विसरा. ३० ते ६० पट भिंगाखाली बेव्हल (धारेलगतचा घासलेला उतार) बघा. टोकावर काळे ठिपके किंवा चावल्यासारखी कड दिसली तर १००० च्या दगडावर परत (आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक). ठिपके धारेच्या रेषेतून पूर्ण निघाले की मगच ४०००, ८०००, १२०००. मधेच वर चढलात तर चकचकीत बेव्हलवर तीच कुरतडलेली कड राहते आणि चार दाढ्यांत तिथला तुकडा उडतो.

---

पाठ_टेकवून

उत्तम चर्चा. सातव्या मुद्द्यात बदल करतोय: समुद्राकाठी किंवा आर्द्रता सतत ७० टक्क्यांच्या वर असेल तर रोज वापरणाऱ्यांनीही तेल लावावं. बाकीच्यांनी चार दिवसांचा नियम पाळावा. तेल लावलेला वस्तरा पट्ट्यावर घेण्याआधी अल्कोहोलने पुसायचाच, नाहीतर चामडं तेल पिऊन निसरडं होतं.

महिनोन्‌महिने ठेवायचे असतील त्यांचं कुणी सांगेल का?

---

काठावरचा

धुणं, अल्कोहोल, तेल इथपर्यंत तेच. तेलाऐवजी व्हॅसलीनचा पातळ हात दिला तरी चालतो, फक्त काढायला कटकट. पोटावर आणि पाठीवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणही छान बसतं. त्यातलं रेनेसान्स वॅक्स मुळात ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत वस्तूंच्या जतनासाठी बनवलं गेलं. धारेला मात्र तेलच.

मग व्हीसीआय कागदात (गंज रोखणारी वाफ सोडणारा कागद) सैल गुंडाळून झिपच्या पिशवीत. या कागदातून निघणारी वाफ धातूवर अदृश्य थर धरते, म्हणून पिशवी बंद हवी आणि कागद पात्याच्या जवळ. त्याच पिशवीत सिलिका जेल टाकू नका, ते ही वाफही शोषून घेतं. दोन्हींपैकी एक. वर्ष-दीड वर्षाने कागद बदला. वर्तमानपत्राचा कागद, पुठ्ठ्याची मूळ डबी आणि ओक लाकडाची पेटी नको, तिन्हींतून आम्ल सुटतं. पीव्हीसीची पाकिटंही नकोत. पॉलिथिन चालतं.

---

नवशिका_फेस

शेव्हेट वापरतो, ब्लेड बदलायची. मला यातलं काय लागू?

---

मोडकी_मूठ

ब्लेडला काहीच नाही, ती फेकायचीच. होल्डर मात्र दाढीनंतर उघडा, ब्लेड काढा, खाचेतला साबण जुन्या टूथब्रशने धुवा आणि उघडाच वाळू द्या. खाचेत साबणाचा थर साचला की नवी ब्लेड एका टोकाला केसभर वर बसते आणि त्याच बाजूला गाल कापतो.